पाण्याएवढी बाग

'थेंबे थेंबे तळे साचे' ही म्हण बँकेच्या व्यवहारात आपण सर्वांनीच ऐकलेली असते. बचतीचे महत्त्व सांगताना तिचा आधार घेतला नाही, असा बँक कर्मचारी विरळाच. सेवाकाळात मीही ती अनेक खातेदारांना ऐकवली. परंतु साचलेले तळे थेंबाथेंबाने खर्च कसे करावे, हे मात्र मला निवृत्तीनंतर, पुणे जिल्ह्याच्या कोरडवाहू पूर्व भागातील दोन गुंठ्यांच्या एका तुकड्याने शिकवले.

त्या तुकड्यावर ना नळ होता, ना विजेची जोडणी. दीडशे पावलांवर एक जुनी विहीर होती आणि तिच्यावर लोखंडी रहाट. मला तेवढे पुरेसे वाटले. पहिल्याच वर्षी फेब्रुवारीत मी साठ चौरस मीटर जागेत वाफे आखले आणि वांगी, टोमॅटो, मिरची यांची रोपे लावली. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत त्यांतील निम्म्याहून अधिक रोपांनी माना टाकल्या होत्या.

चूक कोठे झाली?

कारण शोधायला कृषी पदवीची गरज नव्हती. कागद-पेन्सिल पुरेशी होती. आपल्याकडे भर उन्हाळ्यात भाजीपाल्याच्या एका चौरस मीटरला दिवसाकाठी साधारण पाच ते सहा लिटर पाणी लागते. म्हणजे साठ चौरस मीटरला रोज ३०० ते ३६० लिटर. पंधरा लिटरची एक कळशी धरली, तर रोज वीस ते चोवीस खेपा!

गंमत अशी, की ३६० लिटर पाणी आठ मीटर खोल विहिरीतून वर आणण्यास लागणारी ऊर्जा जेमतेम २८ किलोज्यूल भरते. शंभर वॅटचा दिवा तेवढ्या ऊर्जेवर पाच मिनिटेही जळणार नाही. पण माणसाला दोर ओढावा लागतो, ओणवे व्हावे लागते, भरली कळशी घेऊन दीडशे पावले चालावे लागते आणि पुन्हा रिकामे परतावे लागते. दिव्याची पाच मिनिटे माझ्या खांद्यांना दोन तासांची वाटत होती.

त्याहून महत्त्वाची गोष्ट शेजारच्या मळ्यातील आबांनी दाखवून दिली. त्या विहिरीवर चार घरांचे पिण्याचे पाणी अवलंबून होते. एका संध्याकाळी माझ्या खेपा मोजत बसलेले आबा शांतपणे म्हणाले, "साहेब, विहीर सगळ्यांची हाय. बाग पान्यायेवढीच लावावी, बागेयेवढं पानी शोधत फिरू नये."

ते वाक्य मला कोणत्याही लेखापरीक्षकाच्या शेऱ्याहून अधिक लागले. जमेचा विचार न करता खर्च करणाऱ्या खातेदाराला आयुष्यभर उपदेश करणारा मी, येथे स्वतःच मर्यादेबाहेर उचल करून बसलो होतो. आणि तीही चार घरांच्या सामाईक खात्यातून.

पूर्वजांची व्यवस्था

वीज येण्यापूर्वीही या देशात बागा फुलत होत्या. महाराष्ट्रात बैलांच्या बळावर मोट चालत असे. मोटेचे पाणी थारोळ्यात पडून पाटाने मळ्यात जाई आणि घरातील एखादे पोर दारे धरून ते वाफ्यावाफ्याला वळवी. कोकणात पाणी उपसण्यासाठी लाट होती.

मेघालयाच्या जैंतिया आणि खासी टेकड्यांत तर बांबूच्या नळ्यांमधून डोंगरावरील झऱ्याचे पाणी विड्याच्या वेलींपर्यंत नेण्याची परंपरा आहे. नळीच्या मुखाशी मिनिटाला १८ ते २० लिटर शिरणारे पाणी फाट्याफाट्यांतून विभागत जाऊन वेलीच्या मुळाशी मिनिटाला २० ते ८० थेंब एवढेच उरते. ठिबक सिंचन हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधीचे हे ठिबक सिंचन!

१९८० च्या सुमारास बांगलादेशात पायाने चालवण्याचा पंप तयार झाला आणि पुढे तो बिहार, पश्चिम बंगाल, ओडिशा येथील लहान शेतकऱ्यांपर्यंत पोहोचला. मलाही त्याचा मोह झाला होता. परंतु असा पंप पाणी शोषून वर घेतो आणि शोषणाची व्यवहारातील मर्यादा साधारण सात मीटरच असते. गंगेच्या खोऱ्यात पाणी तेवढ्या अंतरावर मिळते. दख्खनच्या कातळातील विहिरीत उन्हाळ्यात ते त्याहून खोल जाते. म्हणून दुसऱ्या प्रदेशातील साधन आपल्याकडे आणण्यापूर्वी आपल्या विहिरीत डोकावून पाहावे, हे उत्तम.

जमिनीत पुरलेले माठ

दुसऱ्या वर्षी मी वाफे बारा चौरस मीटरवर आणले. वेलभाज्यांसाठी मात्र निराळी सोय केली. कुंभाराकडून सहा लिटरचे बारा माठ आणले. रंग न दिलेले आणि चकाकी नसलेले. ते गळ्यापर्यंत जमिनीत पुरले, भोवती शेणखत व वाळू मिसळलेली माती घातली आणि प्रत्येकाभोवती दुधी, दोडका, कारले यांच्या चार-चार बिया टोकल्या.

या युक्तीचे मर्म मातीच्या सच्छिद्रतेत आहे. भोवतालची माती कोरडी असली, की ती माठातील पाणी अधिक ओढून घेते. ती ओलावली, की पाझर आपोआप मंदावतो. मुळे माठाला बिलगून वाढतात. पाणी वरच्या थरात सांडत नसल्याने ते उन्हात उडून जात नाही आणि तणालाही मिळत नाही. चीनमध्ये इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातील शेतीविषयक ग्रंथात या पद्धतीचे वर्णन आढळते. आपल्याकडे हरियाणातील कर्नाल येथील केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेत १९७० च्या दशकात तिचा शास्त्रीय अभ्यास झाला.

काही पथ्ये मात्र पाळावी लागतात. माठ पुरण्यापूर्वी भरून ठेवावा व त्याची बाहेरची बाजू ओलसर होते का, ते पाहावे. तोंडावर झाकण हवेच. नाहीतर डासांची पैदास होते. पाणी क्षारयुक्त असेल तर कालांतराने छिद्रे बुजतात व माठ बदलावा लागतो. मेथी-कोथिंबिरीसारख्या दाट पेरलेल्या भाज्यांना ही पद्धत उपयोगाची नाही.

माझे बारा माठ तीन-चार दिवसांनी भरावे लागत. सरासरी काढली, तर दिवसाला वीस लिटर पाणी. म्हणजे दीड कळशीही नाही!

ड्रम आणि चबुतरा

उरलेल्या वाफ्यांसाठी एक मीटर उंचीच्या पक्क्या चबुतऱ्यावर २०० लिटरचा ड्रम ठेवला. चबुतरा पक्का म्हणण्याचे कारण, भरलेल्या ड्रमचे वजन २०० किलोच्या वर जाते. कळशी वर नेऊन ओतण्यासाठी शेजारी दोन पायऱ्या बांधल्या. ड्रमच्या तोंडाशी फडके बांधून पाणी गाळून घेतले आणि तळाशी तोटी बसवून ठिबकच्या नळ्या जोडल्या.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एक मीटर उंचीमुळे पाण्याला नेहमीच्या ठिबक संचातील दाबाच्या सुमारे दहावा हिस्सा दाबच मिळतो. त्यामुळे तासाला चार लिटर देणारा साधा ड्रिपर येथे पाण्याच्या पातळीनुसार सव्वा ते पावणेदोन लिटरच देतो. दाब आपोआप सारखा राखणारे महागडे ड्रिपर एवढ्या कमी दाबावर नीट चालत नाहीत, साधेच घ्यावेत. माझ्या चाळीस ड्रिपरमधून तासाभरात पन्नास ते सत्तर लिटर पाणी जात असे. वाफ्यांवर उसाच्या पाचटाचा चार बोटे जाड थर असल्याने रोज पन्नास लिटर पुरू लागले. तेवढे पाणी गेले, की तोटी बंद.

पावसाची ठेव

अवजारांच्या खोपटाचे छप्पर बारा चौरस मीटरचे आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी मिळते. आमच्याकडील सुमारे ५०० मिलिमीटर पावसाचे सहा हजार लिटर होतात. गळती व बाष्पीभवन वजा जाता चार हजार आठशे. पण माझ्याकडील पाच ड्रममध्ये मावते केवळ एक हजार. रोज सत्तर लिटर खर्च धरला, तर ही ठेव चौदा दिवस पुरते. पावसाच्या उघडिपीत ती मोलाची ठरते; उन्हाळा काढण्यास ती अपुरीच.

म्हणून सर्वांत मोठी साठवण मातीतच करावी लागते. शेणखत, पालापाचोळा आणि आच्छादन यांनी ओल टिकून राहते. या ठेवीला टाकी लागत नाही.

ताळेबंद

आज माझा रोजचा खर्च पाच कळश्यांचा आहे. सकाळी तीन, संध्याकाळी दोन. विहिरीवर आलेल्या गृहिणींना माझ्यासाठी खोळंबावे लागत नाही. मागच्या मे महिन्यात विहिरीने तळ गाठला, तेव्हा मी वाफ्यांचे पाणी पूर्ण थांबवले आणि केवळ माठांवरील वेल व लिंबाची दोन झाडे राखली. वाफे वाळताना पाहून वाईट वाटले. परंतु तो निर्णय घेताना मनात संभ्रम नव्हता. पाणी कोणाचे आधी, हे एव्हाना मला कळले होते.

पहिल्या पावसानंतर दुधीचे पहिले फळ घेऊन मी आबांकडे गेलो. त्यांनी ते हातात तोलले आणि विचारले, "किती कळशांचं झालं, साहेब?"

मी वही उघडून आकडा सांगितला. आबा हसले. म्हणाले, "हिशोब ठेवताय, तवर विहिरीला भ्या नाही."