दोष वस्तूचा, दावा कोणावर?

मागच्या लेखात सेवेतील त्रुटींचा विचार केला. आज वस्तूमुळे झालेल्या इजेचा. मिक्सरचा जार फुटून हात कापला किंवा गीझरचा शॉक बसला, तर रत्नागिरीसारख्या गावात माणूस सहसा दुकानात जाऊन वस्तू बदलून आणतो आणि विषय मिटवतो. दवाखान्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी स्वतःच्या अंगावर घेतो. दुकानदार ओळखीचा, त्याच्याशी वाकडे कशाला घ्यायचे, हे त्यामागचे कारण. ते समजण्यासारखे आहे, पण त्यात खरा जबाबदार नजरेआड होतो. २० जुलै २०२० पासून ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील उत्पादन दायित्वाचे प्रकरण लागू आहे. त्याच्या कलम ८४ नुसार घडणीतला किंवा रचनेतला दोष, किंवा धोक्याची पुरेशी सूचना नसणे, एवढ्यावर उत्पादक जबाबदार ठरतो. कारखान्यात कोणी हयगय केली, हे जखमी माणसाने शोधून काढायचे नाही.

त्याने सिद्ध करायचे ते वस्तूतला दोष आणि त्यातून झालेली इजा. इथेच बहुतेकांचा हक्क निसटतो, कारण सदोष वस्तू परत देताना आपण पुरावाच परत देतो. पुरावा आणि नोंदी हरवल्या की काय होते, हे खुब्याच्या एएसआर कृत्रिम सांध्याच्या प्रकरणात दिसले. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डेप्यू कंपनीने ऑगस्ट २०१० मध्ये हे सांधे जगभरातून परत बोलावले. त्यांतून कोबाल्ट आणि क्रोमियम रक्तात उतरत होते. भारतात अशा सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने मुंबईत पोलिसांत तक्रार केली, तरी केंद्राची तज्ज्ञ समिती बसली २०१७ मध्ये आणि भरपाईचे सूत्र आले २०१८ च्या अखेरीस. अमेरिकेत २०१३ मध्येच सुमारे अडीच अब्ज डॉलरची तडजोड झाली होती. इकडे तोवर हजारो रुग्णांचा माग लागेनासा झाला होता. मला हा विलंब अक्षम्य वाटतो.

ओळखीच्या दुकानदाराला त्रास होईल, या आक्षेपाला कायद्यातच उत्तर आहे. कलम ८६ प्रमाणे विक्रेता मोजक्या परिस्थितीतच अडकतो, आणि त्यातली एक म्हणजे उत्पादक कोण हेच माहीत नसणे. बिल नको म्हणून शंभर-दोनशे रुपये वाचवणारा ग्राहक आणि बिननावाचा माल ठेवणारा दुकानदार, दोघे मिळून उत्पादकाचा भार दुकानदाराच्या डोक्यावर आणतात. पक्के बिल दोघांनाही वाचवते.

खोटे दावे बोकाळतील, अशी भीती उद्योजक व्यक्त करतात. कलम ८७ ने ती वाट काही अंशी अडवली आहे: वस्तूत फेरफार केला किंवा तिचा गैरवापर केला, तर विक्रेत्यावर दावा टिकत नाही. शिवाय तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल, तर कलम ३८ नुसार ग्राहक आयोग नमुना प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. खर्चाची धास्तीही अनाठायी आहे. तक्रार जिथे राहता तिथल्या आयोगाकडे करता येते, मग कारखाना गुजरातेत असो की हिमाचलात. आयोगाची पातळी आणि शुल्क ठरते वस्तूसाठी मोजलेल्या किमतीवर. पाच लाखांपर्यंत शुल्कच नाही. म्हणजे तीन हजारांच्या मिक्सरने झालेल्या मोठ्या इजेचा दावाही रत्नागिरीच्या जिल्हा आयोगातच, शुल्काविना चालतो, आणि वकील देणे सक्तीचे नाही.

तेव्हा अपघात झाला की वस्तू धुऊ-पुसू नका, दुरुस्त करू नका, बदलूनही घेऊ नका. तिचे फोटो काढा, मॉडेल व बॅच क्रमांक टिपून ठेवा, डॉक्टरांच्या कागदावर इजेचे कारण लिहून घ्या. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे.