नागांचे घर किती खोल?

१० जुलै २०२४ च्या सकाळी सव्वासातच्या सुमारास नांदेड, परभणी व हिंगोली जिल्ह्यांत जमीन हादरली. मांडणीवरची भांडी वाजली, माणसे घराबाहेर आली. भूकंपाचे केंद्र हिंगोली जिल्ह्यात होते आणि तीव्रता साडेचारच्या आसपास. त्याच वर्षी मार्च महिन्यातही असाच एक धक्का बसून गेला होता. अशा प्रसंगी मराठवाड्यातील वडीलधाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य ठरलेले असते: शेषाने फणा हलवला.

मुले विचारतात, तो शेष राहतो कोठे? प्रश्न भाबडा वाटला तरी जगातील बहुतेक समाजांनी तो गंभीरपणे घेतला आहे. युरोपातील कथांमध्ये ड्रॅगन डोंगराच्या गुहेत सोन्याच्या राशीवर पहुडलेला असतो. चीनमधील ड्रॅगन नद्यांच्या डोहांत आणि समुद्रतळाच्या महालांत राहतो व पाऊस पाडतो. आपल्याकडे नाग भूमीखाली असतो, आणि पुरलेल्या धनावर वेटोळे घालून बसतो. ज्या काळी व्यापारी घरांत मोहरांचा हंडा भिंतीत वा जमिनीत ठेवण्याची रीत होती, त्या काळी हा पहारेकरी फार उपयोगी पडला असावा. युरोपचा ड्रॅगन आणि आपला धनावरचा नाग हे एकाच घराण्यातले दिसतात. माणसाची नजर जेथे पोहोचत नाही, तेथे प्रत्येक समाजाने आपापला ड्रॅगन नेऊन ठेवला.

एवढा मोठा प्राणी दृष्टीआड राहू शकतो का? इंडोनेशियातील कोमोडो बेटावरची तीन मीटरपर्यंत वाढणारी घोरपड विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत शास्त्रज्ञांना ठाऊक नव्हती. तिचे पहिले शास्त्रीय वर्णन १९१२ साली प्रसिद्ध झाले. जग तिला कोमोडो ड्रॅगन म्हणते. आपल्या माळरानावरील घोरपड तिच्याच कुळातील धाकटी बहीण. अर्थात कोमोडोच्या रहिवाशांपासून ती कधीच लपलेली नव्हती.

जैन ग्रंथांनी नागांच्या निवासाचा विचार फार तपशिलाने केला आहे. तत्त्वार्थसूत्राच्या चौथ्या अध्यायात भवनवासी देवांचे दहा भेद सांगितले असून त्यांत नागकुमार येतात. दिगंबर परंपरेतील लोकवर्णनानुसार आपण जिच्यावर वावरतो ती रत्नप्रभा पृथ्वी १,८०,००० योजने जाड आहे. तिचे तीन भाग: सर्वांत वर १६,००० योजनांचा खरभाग, त्याखाली ८४,००० योजनांचा पंकभाग आणि तळाशी ८०,००० योजनांचा अब्बहुल भाग. नागकुमारांची भवने खरभागात आहेत, आणि तीही वरची व खालची हजार हजार योजने सोडून. त्यांची संख्या ८४ लाख. दहाही भेद मिळून भवने ७ कोटी ७२ लाख होतात, आणि प्रत्येक भवनात एक अकृत्रिम जिनालय आहे. युरोपच्या ड्रॅगनच्या गुहेत सोने असते. नागकुमाराच्या भवनात मंदिर असते.

आणखी एक भेद लक्षात घेण्याजोगा आहे. या रचनेत पृथ्वी कोणाच्याही मस्तकावर ठेवलेली नाही. ती घनोदधी, घनवात आणि तनुवात या तीन वलयांच्या आधारे आहे व त्यांच्यापुढे आकाश आहे. नागकुमारांचा इंद्र धरणेंद्र, पण त्याच्याकडे पृथ्वी तोलून धरण्याचे काम सोपवलेले नाही. ‘शेषाने फणा हलवला’ हे वाक्य जैन घरांतही सहज बोलले जाते. ते शेजारधर्माने आलेले आहे, आगमातून नव्हे.

मग मराठवाड्याच्या भूमीवर नागाची खूण कोठे? ती शोधण्यासाठी लातूरच्या सीमेलगत धाराशिवला जावे लागते. १९८२ साली लातूर जिल्हा वेगळा झाला तो याच जिल्ह्यातून. धाराशिव गावाजवळच्या टेकडीत जैन लेणी आहेत आणि मुख्य लेण्यात फणाधारी पार्श्वनाथांची मूर्ती आहे. या लेण्यांची कथा मुनी कनकामरांच्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यात येते, डॉ. हीरालाल जैन यांनी त्याचे संपादन केले. राजा करकंडू तेरापूर, म्हणजे आजच्या तेर, परिसरात येतो. एक हत्ती सोंडेत पाणी आणि कमळ घेऊन एका वारुळाची पूजा करताना त्याला दिसतो. वारूळ खणले जाते आणि आत पार्श्वनाथांची प्रतिमा सापडते. पुढे लेण्यातील मूर्तीपाशी दगडात एक गाठ राहिलेली दिसते. राजा ती फोडवतो, तोच आतून पाण्याचा लोट उसळून लेणे भरून जाते.

वारूळ खरे तर वाळवीचे. नाग त्यात भाडेकरू म्हणून शिरतो. तरीही नागपंचमीला मराठवाड्यातील स्त्रिया वारुळालाच पुजतात. त्या दिवशी नांगर धरायचा नाही, खणायचे नाही, घरात चिरायचे-कापायचे नाही. भूमीखाली कोणी राहते, त्याला इजा होऊ नये, हा त्यामागील भाव जैन मनाला परका नाही.

भूमीखाली खरोखर काय दडले होते, हे लातूरला १९९३ मध्ये कळले. २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. गावोगाव गणपतींचे विसर्जन झाले, दिगंबर मंदिरांत दशलक्षण पर्वाची सांगता झाली, लोक उशिरा झोपले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला. तीव्रता ६ च्या वर होती. मृतांचा आकडा आठ ते दहा हजारांच्या दरम्यान सांगितला जातो. मारले ते बहुतांशी घरांनीच. चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवर मातीचे जड थर दिलेली माळवदे. उन्हाळ्यात गारवा देणारी हीच घरे त्या रात्री निजलेल्यांवर बसली.

इशारा मिळालाच नव्हता असे नाही. १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये किल्लारीत लहान धक्क्यांची मालिका झाली होती, जमिनीतून आवाज येत होते. पण दख्खनचे पठार अढळ मानले जात होते आणि नकाशात हा भाग भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. पुढे नकाशा बदलला आणि किल्लारी परिसर तिसऱ्या पट्ट्यात गेला. नांदेड शहरातही २००६ नंतर काही वर्षे लहान धक्के आणि गडगडाट जाणवत राहिले, तेव्हा कोणी ते हसण्यावारी नेले नाहीत.

त्या आपत्तीत भारतीय जैन संघटनेचे शांतीलाल मुथ्था यांनी भूकंपग्रस्त भागातील सुमारे १२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेले. अनेक कुटुंबांना हा इतिहास ठाऊकच आहे.

भूकंपानंतर किल्लारीला शास्त्रज्ञांनी ६१७ मीटर खोल छिद्र घेतले. वरचे ३३८ मीटर काळा कातळ लागला. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्याखाली जुन्या गाळाचा जेमतेम आठ मीटरचा थर आणि मग अतिप्राचीन खडक. लाव्ह्याच्या या चादरीमुळे खालच्या भेगा वरून दिसत नाहीत. लातूरचा ड्रॅगन तेथे लपला होता. माणसाने आजवर पाडलेले सर्वांत खोल छिद्र रशियातील कोला येथील, ते १२ किलोमीटरांहून थोडे अधिक. नागकुमारांच्या भवनांवर सोडलेल्या हजार योजनांच्या मानाने हा ओरखडाही नव्हे.

परंतु पार्श्वनाथचरित्रातील नाग इतका दूर नव्हता. वाराणसीत एक तापस पंचाग्नी तप करीत बसला होता. कुमार पार्श्वांनी त्याला थांबवून सांगितले की जळत्या ओंडक्यात जीव आहे. तापस रागावला. ओंडका फोडला तेव्हा आतून होरपळलेला नाग निघाला; दिगंबर परंपरा नाग-नागिणीची जोडी सांगते, श्वेतांबर कथनांत नाग एकच आहे. अखेरच्या क्षणी नमस्कार महामंत्र कानी पडून तो जीव धरणेंद्र झाला, आणि पुढे उपसर्गाच्या वेळी त्यानेच प्रभूंवर फणांचे छत्र धरले. तापसाने ते लाकूड स्वतःच्या हाताने अग्नीत सारले होते, आणि नाग त्याच्यापासून हातभर अंतरावर होता.