थंडीत केळीची वाढ का थांबते? पेशीचं आवरण थिजतं, मुळं पाणी ओढत नाहीत. अशी वाचवा बाग

रावेर, यावल, चोपडा पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीत पारा 10 अंशांच्या खाली उतरला की केळीबागा पिवळ्या पडायला लागतात. रोप जागच्या जागी थांबतं. निसवणीला आलेल्या झाडाचा घड खोडातच अडकतो. शेतात बर्फ पडलेला नसतो, मग पीक का बिघडतं? याचं उत्तर झाडाच्या पेशीत आहे.

तूप आणि करडईचं तेल

झाडाची प्रत्येक पेशी एका अतिशय पातळ पडद्यात गुंडाळलेली असते. हा पडदा मुख्यतः स्निग्ध पदार्थांचा, म्हणजे एका प्रकारच्या चरबीचा बनलेला असतो. पाणी आणि अन्नद्रव्यं आत-बाहेर नेण्याचं काम याच पडद्यातून चालतं. त्यासाठी तो लवचिक राहावा लागतो.

हिवाळ्यात डब्यातलं तूप थिजतं, पण करडईचं तेल पातळच राहतं. पडद्याचंही तसंच आहे. केळी हे मूळचं उष्ण प्रदेशातलं पीक. तिच्या पेशींचा पडदा थंडीत तुपासारखा घट्ट होतो. गहू, हरभरा ही पिकं मात्र थंडीची चाहूल लागताच काही दिवसांत पडद्यातली तेलासारखी पातळ चरबी वाढवतात. म्हणून ज्या थंडीत गहू जोमात येतो, त्याच थंडीत शेजारची केळी आजारी पडते.

पडदा बिघडला की काय होतं?

घट्ट झालेल्या पडद्याला बारीक गळती लागते. पेशीतलं पोटॅश, साखर बाहेर झिरपते. मुळांच्या पेशी पाणी ओढेनाशा होतात. त्यामुळे जमीन ओली असूनही पानं मलूल दिसतात. सकाळी कडक ऊन पडलं की थंडीने सुस्तावलेल्या पानाला तो प्रकाश पेलवत नाही आणि पान पिवळं पडतं.

फळाच्या सालीत वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेली रसायनं पडदा फुटल्यावर एकमेकांत मिसळतात आणि साल काळपट होते. फ्रिजमध्ये ठेवलेली केळी काळी पडते, तीही याच कारणाने. यालाच ‘चिलिंग इंज्युरी’ म्हणतात. थंडी एक-दोन रात्रींची असेल तर पडदा पुन्हा सावरतो. ती लांबली तर पेशी मरतात, मग नुकसान भरून येत नाही.

शेतकऱ्यांनी काय करावं?

- थंडीच्या लाटेत रात्री उशिरा किंवा पहाटे विहिरीचं, बोअरचं पाणी द्यावं. जमिनीखालचं पाणी हिवाळ्यात कोमट असतं, त्याची ऊब मुळांना मिळते. मात्र पाणी साचू देऊ नये.
- वाऱ्याच्या बाजूला शेवरी किंवा गजराज गवताचं कुंपण असावं. ते लागवडीच्या वेळीच लावावं लागतं.
- घड पिशवीने किंवा केळीच्या कोरड्या पानांनी झाकावेत.
- वारा पडलेला असेल तर पहाटे बांधावर काडीकचरा पेटवून धूर करावा. आग बागेत शिरणार नाही याची काळजी घ्यावी.
- वाढ थांबली म्हणून युरियाचा मारा करू नये. मुळंच काम करत नसतील तर खत वाया जातं. पोटॅशची मात्रा मात्र चुकवू नये.

विम्याचं काय?

हवामान आधारित फळपीक विम्यात कमी तापमानाची भरपाई पानं किती पिवळी झाली यावर ठरत नाही. महसूल मंडळासाठी ठरवलेल्या हवामान केंद्रावर नोंदलेल्या तापमानावर ती ठरते. आपल्या मंडळासाठी कोणतं केंद्र धरलं आहे आणि यंदा किती अंशांची, किती दिवसांची अट आहे, हे तालुका कृषी कार्यालयात थंडी सुरू होण्याआधीच विचारून ठेवावं.