पंपवाला, मिस्त्री आणि वायरमन

नव्वदच्या दशकापर्यंत डिझेल गाडी बिघडली की तिचा इलाज तीन दुकानांत वाटलेला असे. इंजिन उघडायचं ते मिस्त्रीनं. पंप किंवा नोझल गेलं तर ते उतरवून पंपवाल्याकडे न्यायचं, त्याच्या कॅलिब्रेशन बेंचवर. दिवे, हॉर्न, सेल्फ आणि डायनामो हे वायरमनचं खातं. ही वाटणी सोयीची होती आणि शास्त्राला धरूनही होती, कारण जुन्या डिझेल इंजिनाला चालायला वीज लागतच नसे. हवा दाबली की तापते, तापलेल्या हवेत डिझेल फवारलं की पेटतं. बॅटरी फक्त सेल्फपुरती. अल्टरनेटर जळालेला ट्रक धक्का मारून चालू केला, की दिवसाउजेडी मुक्कामाला पोचायचा.

१९५१ साली बंगळुरूला सुरू झालेल्या मायकोचा पंप आपल्याकडे इतका रुजला होता, की कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश झालं तरी कितीतरी पंपवाल्यांच्या पाट्यांवर ‘मायको’च राहिलं. तिचा नोझल-इंजेक्टरचा कारखाना नाशिकला, सातपूरमध्ये. त्या काळी निदान चालायचं कानावर आणि हातावर. इंजिन मिसिंग करतंय? चालू इंजिनावर एकेका नोझलच्या पाइपचं नट सैल करून बघायचं. ज्याचं सैल केल्यावर आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर आळशी. एअर धरली असेल तर हँड प्रायमर मारून हवा काढायची. ही विद्या खरी होती. तिला कमी लेखणाऱ्या नव्या पोरांशी माझं कधी पटलं नाही.

पहिली वायर आली ती रोटरी पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडची. चावी फिरवली की त्याला १२ व्होल्ट मिळतात, आतली दांडी मागे सरकते आणि डिझेलची वाट उघडते. वीज गेली की वाट बंद. रचना एवढीच, पण तिनं तिन्ही दुकानांची झोप उडवली. सेल्फ फिरतो, इंजिन पकडत नाही. म्हणून मिस्त्री अर्धा दिवस एअर काढतो, मग पंप उतरवून बेंचवर पाठवतो. बेंचवर पंपवाला सोलेनॉइडला थेट बॅटरीची वायर लावतो, त्यामुळे पंप ठणठणीत चालतो. परत गाडीवर चढवला की मुका. बिघाड असायचा फ्यूजमध्ये किंवा गंजलेल्या टर्मिनलवर, म्हणजे ज्याला कोणी बोलावलंच नव्हतं त्या वायरमनच्या हद्दीत. चावी देताना पंपापाशी ‘टक्’ असा आवाज येतो का, एवढं ऐकलं असतं तरी पंप उतरवण्याची मजुरी वाचली असती.

खरी उलथापालथ कॉमन रेलनं केली. भारतीय गाड्यांत ते तंत्र २००२ मध्ये ह्युंदाई ॲक्सेंटमधून आलं, पुढच्या तीन-चार वर्षांत स्कॉर्पिओ आणि सफारीतून, आणि २००७ मध्ये स्विफ्टमधून तर गल्लोगल्ली. आता डिझेल किती फवारायचं आणि कधी, हे पंप ठरवेना. पंपाचं काम सगळ्या इंजेक्टरांच्या सामाईक नळीत, म्हणजे रेलमध्ये, दाब धरण्यापुरतं उरलं. सुरुवातीच्या पिढीतच हा दाब १३५० बारपर्यंत जायचा. इंजेक्टर उघडायचा हुकूम इंजिनाच्या कॉम्प्युटरचा, म्हणजे ईसीयूचा. चालू इंजिनावर पाइपचं नट सैल करायची जुनी सवय इथे जिवावर बेतू शकते. त्या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. ज्या हातानं धंदा शिकला, त्याच हाताला आधी आवरायला शिकावं लागलं.

तक्रार मात्र तीच राहिली: सेल्फ फिरतो, इंजिन पकडत नाही. कारणं तेवढी वाढली. क्रँक सेन्सरचा सिग्नल तुटला तर ईसीयूला इंजिन फिरतंय हेच कळत नाही. रेलमध्ये साधारण दोनशे बार जमल्याशिवाय बऱ्याच सिस्टिम इंजेक्टरला हुकूमच देत नाहीत. दाब सांगणाऱ्या सेन्सरला तीन वायरी: ५ व्होल्टचा पुरवठा, अर्थ आणि सिग्नल. इंजिन बंद असताना सिग्नल अर्ध्या व्होल्टच्या आसपास हवा. तो शून्यावर किंवा थेट पाचवर दिसला तर संशय वायरवर. ५ व्होल्टचा पुरवठा बऱ्याचदा दोन-तीन सेन्सरांत वाटलेला असतो, त्यामुळे एक शॉर्ट झाला की बाकीचेही खोटं बोलू लागतात आणि ईसीयूतले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर कोडची रांग लागते. अशा वेळी ५ व्होल्टच्या वायरीवर मीटर ठेवून एकेक कपलर काढत जायचं. ज्याचा काढल्यावर ५ व्होल्ट परत येतात, तो चोर.

स्कॅनर आला तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता गाडीच आपला आजार सांगेल. माझ्या मते त्या पहिल्या आठ-दहा वर्षांत स्कॅनरनं गिऱ्हाइकांचं नुकसानच जास्त केलं. पी-००८७ हा कोड म्हणतो, रेलमधला दाब कमी आहे. तो का कमी आहे, हे म्हणत नाही. गॅरेजमध्ये मात्र ‘सेन्सर बदलून बघू’ सुरू व्हायचं. सेन्सरनं भागलं नाही की मीटरिंग व्हॉल्व्ह, मग पंप. शेवटी निघायचा तुंबलेला डिझेल फिल्टर, नाहीतर रिटर्न लाइनला भसाभस डिझेल सोडणारा एखादा इंजेक्टर. चार इंजेक्टरांच्या रिटर्नला चार बाटल्या लावून बघायची चाचणी काही मिनिटांची.

वायरमनही या काळात चुकला. त्याचा जुना टेस्टिंग लॅम्प ईसीयूच्या वायरीला लावणं म्हणजे आतला ट्रान्झिस्टर जाळायची तयारी. म्हणून त्यानं मल्टिमीटर घेतला आणि बीप वाजली की वायर चांगली, असं ठरवून टाकलं. वायरीतल्या सात तारांपैकी एकच तार शिल्लक असली तरी बीप वाजते. सुताच्या एका धाग्यावर रिकामी कळशी लोंबकळते, भरलेली नाही. अशी वायर पकडायची तर दोन्ही टोकांचे कपलर काढून तिच्यातून २१ वॅटचा बल्ब पेटवून बघावा लागतो. जुना बल्ब असा योग्य जागी परत कामाला आला. इंजेक्टरच्या कॉइलचं तर विचारूच नका. तिचा रेझिस्टन्स बहुतेक वेळा एक ओहमच्याही आत, आणि स्वस्त मीटरच्या वायरीच त्यातला बराच हिस्सा खाऊन टाकतात.

कोकणातल्या पावसानं हिरवट पडलेल्या कपलरच्या पिना, उंदरांनी कुरतडलेलं हार्नेस, क्लच प्लेट बदलल्यावर लावायची राहिलेली इंजिनची अर्थ पट्टी, फॉग लॅम्पसाठी भलत्याच वायरीतून काढलेला जोड: खरे गुन्हेगार बहुधा हेच निघाले. यांतल्या कशालाच नवा पार्ट लागत नाही.

२०१७ मध्ये प्रदूषणाचा बीएस-४ निकष देशभर लागू झाला तेव्हाही काही ट्रकांवर जुना इनलाइन पंप तग धरून होता. १ एप्रिल २०२० च्या बीएस-६ नंतर नव्या ट्रकांवर त्याला जागा उरली नाही. आता धुराच्या नळीतला नॉक्स सेन्सर बिघडला तरी इंजिन ताकद कमी करतं. पंपवाल्यांपैकी ज्यांनी कॉमन रेलचे बेंच घेतले ते टिकले. वायरमनांपैकी ज्यांना वायरिंग डायग्राम वाचता आले ते आज मिस्त्रीपेक्षा जास्त कमावतात.

अडचण त्या डायग्रामचीच होती. कंपन्या ते स्वतःच्या वर्कशॉपबाहेर देत नसत. भारतीय स्पर्धा आयोगानं ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना सुमारे २५४५ कोटींचा दंड ठोठावला. सुटे भाग, तपासणीची उपकरणं आणि तांत्रिक माहिती खुल्या बाजारात मिळू न देणं, हा त्यांच्यावरचा ठपका होता. प्रकरण पुढे अपिलात गेलं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल उघडलं, त्यात वाहनंही आहेत. तरी गावोगावच्या गॅरेजांत आजही मोबाइलवर फिरणाऱ्या पुसट फोटोंवरूनच हार्नेस शोधलं जातं.

तेव्हा तुमच्या डिझेल गाडीचा सेल्फ फिरूनही इंजिन पकडेना आणि कोणी पंप किंवा इंजेक्टर बदलायचं म्हणालं, तर आधी दोन आकडे मागा: सेल्फ मारताना रेलमध्ये प्रत्यक्ष किती दाब आला, आणि संशयाच्या वायरीवर लोड देऊन किती व्होल्ट मिळाले. जो हे मोजून दाखवत नाही, त्याला गाडीला पाना लावू देऊ नका.