थोर ड्रमर कोण? हात, ठेका आणि जिना

रॉक संगीतातला सर्वश्रेष्ठ ड्रमर कोण, हा वाद रसिक अजून हिरिरीने घालतात. 2016 मध्ये ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकी नियतकालिकाने शंभर ड्रमरांची क्रमवारी छापली. पहिला लेड झेपेलिनचा जॉन बॉनम, दुसरा ‘द हू’चा कीथ मून, तिसरा क्रीमचा जिंजर बेकर, चौथा कॅनडातल्या रशचा नील पर्ट. अशा यादीने वाद मिटत नाही, कारण या चौघांकडून आपण एकाच कामाची अपेक्षा करत नाही. तबल्याची साथ आणि तबल्याचे स्वतंत्र वादन यांची मापे आपण वेगळी ठेवतो. रॉकमध्ये दोन्ही एकाच माणसाकडे असतात, आणि वाद घालणारे आपले माप कोणते हे सांगतच नाहीत.

माझे मत बॉनमला आहे; पण ज्यासाठी त्याची वाहवा होते त्यासाठी नव्हे. 1969 च्या पहिल्याच अल्बममधल्या ‘गुड टाइम्स बॅड टाइम्स’मध्ये तो एकाच पेडलवर उजव्या पायाने इतके जलद ठोके देतो की ऐकणाऱ्याला दोन बेस ड्रम असल्याचा भास व्हावा. ‘मोबी डिक’मध्ये तो काठ्या बाजूला ठेवून नुसत्या हातांनी वाजवतो. हे सारे थक्क करणारे आहेच.

मात्र 1971 च्या चौथ्या अल्बममधले ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ ऐकावे. हॅम्पशर परगण्यातल्या हेडली ग्रेंज या जुन्या वास्तूत, जिन्यापाशी, उंच छताखाली ड्रम मांडले होते. ध्वनिमुद्रक अँडी जॉन्स यांनी दोन मायक्रोफोन ड्रमजवळ न ठेवता वर जिन्यावरून सोडले. भिंतींवरून परतणारा नाद त्यात उतरला, आणि त्यात प्रतिध्वनियंत्राची भर पडली. मग ही थोरवी हाताची की जिन्याची? काही वाटा जिन्याला द्यावाच लागेल. पण त्या घुमाऱ्यात एखादाही जास्तीचा ठोका चिखल करून टाकता. बॉनम संथ, जड ठेका धरतो आणि कुठेही घाई करत नाही. पुढे 1986 मध्ये बीस्टी बॉइज या रॅप गटाने त्याचे हेच वादन उचलून आपल्या गाण्याचा पाया केले. त्यांनी उसना घेतला तो ठेका.

मूनचे माप उलटे. तो गाण्याच्या मागे न राहता गायकाच्या ओळीशी झटापट करतो. 1978 मध्ये तो गेला, 1980 मध्ये बॉनम; दोघेही बत्तिसाव्या वर्षी. हू नवा ड्रमर घेऊन पुढे गेले, झेपेलिनने गटच संपवला. हा बॉनमच्या बाजूने दिला जाणारा पुरावा मला लंगडा वाटतो. गट मोडण्यात मैत्रीचाही हिशेब असतो.

साथीच्या मापाने पाहिले तर रिंगो स्टार आणि चार्ली वॉट्स यांना बरेच वर आणावे लागेल. रिंगो मूळचा डावखुरा, पण उजव्या हाताच्या मांडणीवर वाजवणारा. त्यामुळे दोन ओळींमधली जागा भरताना त्याचे हात अनपेक्षित वाटेने जातात. रोलिंग स्टोन्सचा वॉट्स जॅझवर वाढलेला. डावा हात स्नेअरवर पडतो त्या क्षणी तो उजवा हात हाय-हॅटवरून उचलून घेतो. तो ठोका मोकळा ऐकू येतो.

आणि पर्ट? दोन दशके नावाजला गेल्यावर, नव्वदच्या दशकाच्या मध्यात, तो फ्रेडी ग्रूबर या शिक्षकाकडे शिकायला गेला. डाव्या हातातली काठी धरण्याची पद्धत त्याने बदलली, आणि दोन ठोक्यांच्या मधे हात कसा फिरतो याचा रियाज पहिल्यापासून सुरू केला.