रस्ता रुंद होताना

भिवंडीसारख्या यंत्रमागाच्या शहरात रुंदीकरणाचे नाव निघाले की आम्हा व्यापाऱ्यांना आधी दुकानाचा ओटा दिसतो. पण कापडाचे तागे भरणारा टेम्पो, मदरशाची मुले आणि आगीचा बंब, सर्वांना गल्ली एकच. नुसती रुंदी वाढली तर वाहने वेग घेतात, नाहीतर ती जागा उभ्या गाड्यांनी भरते. म्हणून पदपथ आणि माल चढउताराची ठरलेली वेळ आम्ही मागितलीच पाहिजे.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम २१० प्रमाणे रस्त्याची आधीची रेषा बदलून नवी ठरविण्यापूर्वी जाहीर नोटीस निघते. लेखी हरकत तेव्हाच द्यायची. बुलडोझर आल्यावर मोहल्ला जमवून काय उपयोग? भाडेकरू कारखानदारांनी भाडेपावत्या व विजेची बिले जपावीत. भरपाईची बोलणी बहुधा मालकाशीच होतात.