फॉरवर्डची मर्यादा कोणी ठरवली?

१ जुलै २०१८, रविवार. मुलं पळवणारी टोळी आल्याची आवई उठली आणि मालेगावच्या आझादनगरात जमावाने दोन वर्षांच्या बाळासह पाच जणांना घेरलं. एका रहिवाशाने त्यांना घरात घेतलं, पोलीस वेळेत पोचले, म्हणून ते वाचले. चिडलेल्या जमावाने पोलिसांची गाडी उलथवली. त्याच दिवशी शेजारच्या साक्री तालुक्यात, राईनपाड्याच्या आठवडे बाजारात आलेल्या डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारण्यात आलं.

त्या दिवसांत मोबाइलवर, व्हॉट्सॲपवर काय फिरत होतं? एक व्हिडिओ होता कराचीतला. मुलांना जपा असं सांगणारी जाहिरात, शेवटचा खुलासा कापून टाकलेली. दुसऱ्यात ओळीने ठेवलेली मुलांची कलेवरं. ती २०१३ च्या सीरियातल्या विषारी वायुहल्ल्यातली.

केंद्र सरकारने व्हॉट्सॲपला तंबी दिली. पण २०१६ पासून संदेश कुलूपबंद झालेले. आत काय आहे ते आम्हालाही दिसत नाही, ही कंपनीची भूमिका. जुलै संपायच्या आत तिने भारतात फॉरवर्ड एका वेळी पाच चॅटपुरता आणण्याचं जाहीर केलं. पुढे भारतासाठी तक्रार अधिकारीही नेमला, पण त्याचा पत्ता तेव्हा कॅलिफोर्नियातला! आझादनगरच्या माणसाने तिकडे दाद मागायची.

चिनी कंपन्यांचं प्रकरण मात्र तंबीवर थांबलं नाही. गलवानमधल्या भारत-चीन चकमकीनंतर दोनच आठवड्यांत, २९ जून २०२० रोजी, टिकटॉकसह ५९ ॲप एका आदेशाने बंद झाली. कोणाला विनवायचं आणि कोणाला हाकलायचं, हे परराष्ट्रसंबंध ठरवतात.

२०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत सरकारने मूळ संदेश पाठवणारा शोधून देण्याची सक्ती केली. व्हॉट्सॲप कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. कुलूप तोडायला लावलंत तर आम्ही भारतातून जातो, असं तिच्या वकिलांनी एप्रिल २०२४ मध्ये तिथे सुनावलं. सरकारच्या हाती किल्ली द्यावी, असंही छातीठोकपणे म्हणवत नाही. २०१९ मध्ये पेगॅसस या सॉफ्टवेअरच्या हेरगिरीत भारतातल्या पत्रकारांचे, वकिलांचे फोन सापडले होतेच.

आझादनगरातल्या मोबाइलवर या सगळ्यातून झालेला सर्वांत ठळक बदल म्हणजे तो पाचाचा आकडा. तो ना संसदेने ठरवला ना न्यायालयाने. कॅलिफोर्नियातल्या कंपनीने ठरवला.